आधी करार, मग कोड: नवी वेब सर्व्हिस आखताना

ऑगस्टमध्ये परळच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलात तर प्लेटलेट हा शब्द सारखा कानावर पडतो. ठिकठिकाणी पाणी साचलेलं असतं, डेंग्यूचे पेशंट वाढलेले असतात, आणि घरचे लोक सीबीसीच्या रिपोर्टमध्ये बाकी काही न बघता तेवढा एकच आकडा शोधतात. अशाच एका ऑगस्टमध्ये आमच्या तिघांच्या टीमने लिहिलेल्या सर्व्हिसमुळे एका हॉस्पिटलच्या वॉर्डात अलार्म वाजला. पेशंटच्या प्लेटलेट १४२. दीड लाखाच्या आसपास असायला हव्यात, तिथे एकशे बेचाळीस. सिस्टरांनी लॅबला फोन केला. लॅबमधल्या सीनियर टेक्निशियन मॅडमनी मशीनवरचा आकडा पाहिला, स्लाइड पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतली आणि कळवलं की आकडा एक लाख बेचाळीस हजार आहे, काळजीचं कारण नाही.

मग त्यांनी मला फोन केला. "अगं, आपल्याकडून आकडा जातो तो हजारात जातो की पूर्ण जातो, हे कुठे लिहून ठेवलंय का?"

मी लॅपटॉप उघडून शोधलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

झालं होतं ते असं. लॅबचं जुनं मशीन प्लेटलेटचा पूर्ण आकडा द्यायचं. जुलैत नवीन मशीन आलं, ते हजारात द्यायचं. आमच्या कोडच्या दृष्टीने दोन्ही 'संख्या'च होत्या, म्हणून कोडने काहीही तक्रार न करता नवा आकडा पुढे ढकलला. आमचं डॉक्युमेंटेशन कोडवरूनच आपोआप तयार व्हायचं. त्यात त्या रकान्यापुढे लिहिलं होतं: प्लेटलेट, संख्या. ते अगदी बरोबर होतं आणि हॉस्पिटलला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

नवी वेब सर्व्हिस सुरू करताना जो प्रश्न बहुतेक जण सगळ्यात आधी विचारतात, म्हणजे सर्व्हिस बांधायची पद्धत कुठली, रेस्ट घ्यायचं की सोप की ग्राफक्यूएल, तो माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. पहिला वेगळाच आहे. तो नीट कळावा म्हणून थोडं मुळापासून सांगते.

वेब सर्व्हिस म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या प्रोग्रॅमने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणारा प्रोग्रॅम. वेबसाइट माणसासाठी असते. माणसाला काही विचित्र दिसलं तर तो थांबतो, 'हे चुकलं असावं' म्हणतो आणि सावरून घेतो. प्रोग्रॅमला तसं सावरून घेता येत नाही. १४२ आले तर तो १४२ च धरतो आणि अलार्म वाजवतो. म्हणून दोन प्रोग्रॅममध्ये काय विचारायचं, कसं विचारायचं, उत्तरात काय येईल, चूक झाली तर काय येईल, हे आधी ठरलेलं असावं लागतं. त्या ठरलेल्या गोष्टींना आमच्या धंद्यात कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. मी करार म्हणते.

रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरचा फॉर्म आठवा. गाडी क्रमांक, तारीख, वर्ग, प्रवाशांची नावं, वय, आणि एका फॉर्मवर जास्तीत जास्त सहा प्रवासी. खिडकीमागचे क्लार्क बदलतात, त्यांच्यापुढचा संगणक बदलतो, आतलं सॉफ्टवेअर बदलतं. फॉर्म भरणाऱ्याला त्यातलं काही माहीत असण्याची गरज नसते. त्याचा संबंध फॉर्मशी. वेब सर्व्हिसचा करार म्हणजे हा फॉर्म, आणि कोड म्हणजे खिडकीमागचा सगळा कारभार.

हा फॉर्म तयार करायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, आधी कोड. तुम्ही थेट प्रोग्रॅम लिहायला घेता, आणि तुमचं फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर तुम्ही कोड लिहिता तो, त्या कोडवरून बाहेरच्या जगासाठीचा फॉर्म आपोआप बनवून देतं. पायथनमधलं फास्टएपीआय हे अगदी सहज करतं, इतर फ्रेमवर्कमध्येही सोय असते. दुसरा, आधी करार. कोडची एक ओळही लिहिण्यापूर्वी तुम्ही एका फाइलमध्ये फॉर्म लिहून काढता, तो सगळ्यांना दाखवता, आणि मग त्याबरहुकूम कोड लिहिता. रेस्ट पद्धतीच्या सर्व्हिससाठी ही फाइल बहुधा ओपनएपीआय नावाच्या नमुन्यात असते. २०११ मध्ये स्वॅगर या नावाने त्याची सुरुवात झाली आणि २०१५ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. सोपमध्ये हेच काम डब्ल्यूएसडीएल फाइल करते, जीआरपीसी या आणखी एका पद्धतीत प्रोटो फाइल.

आधी कोड हा मार्ग का आवडतो हे मला पुरेपूर माहीत आहे, कारण आम्ही तोच घेतला होता. सोमवारी सुरू केलं की बुधवारी काहीतरी चालताना दिसतं. लॅबचे डॉक्टर खूश होतात, आपण खूश होतो. आणि काही ठिकाणी तो मार्ग योग्यही आहे. सर्व्हिसही तुमचीच, तिला हाक मारणारं, म्हणजे प्रश्न विचारणारं अ‍ॅपही तुमचंच, दोन्ही लिहिणारे एकाच टेबलावर बसतात, तर बदल झाला की शेजारच्याला सांगून मोकळं होता येतं. नुसता प्रयोग करून बघायचा असेल तर करार लिहीत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

पण पलीकडे परकं कुणी आलं की चित्र बदलतं. आमच्या बाबतीत हॉस्पिटल होतं, दादर-ठाणे-डोंबिवलीची कलेक्शन सेंटर होती, काही छोटे दवाखाने होते. त्यांचे प्रोग्रॅम आम्ही लिहिलेले नव्हते. ते आम्हाला बदलता येत नव्हते, कधी बदलतील हेही आमच्या हातात नव्हतं. अशा वेळी कोड तुमचा राहतो, पण फॉर्म तुमचा एकट्याचा राहत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा: या सर्व्हिसला हाक कोण मारणार, आणि मी काही बदललं तर त्यांना बदलायला किती दिवस लागतील?

या मुंबईत त्याचं फार मोठं उदाहरण आपल्या डोक्यावरून गेलेलं आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेवरची पहिली गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. तार आणि गाडी यांच्यातला तो करार. पुढे रेल्वेने देशासाठी २५ हजार व्होल्ट एसी स्वीकारलं, पण मुंबईची उपनगरी सेवा डीसीवरच राहिली, कारण इथे बदलायचं म्हणजे नुसती तार बदलणं नव्हतं. सबस्टेशन, सिग्नल, गाड्या, सगळंच आलं. जास्त दाबाच्या तारेला जास्त मोकळी जागा लागते, त्यामुळे कुठे रुळांवरच्या पुलाची उंची आडवी आली, कुठे रूळच खाली घ्यावे लागले. आणि हे सगळं रोज लाखो माणसं ने-आण करत असताना. मधल्या काळात दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल आणल्या गेल्या. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेचं २०१५ मध्ये, आणि हार्बरवरची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली. ९१ वर्षं. १९२५ मध्ये ज्यांनी १५०० हा आकडा ठरवला त्यांनी तो त्या वेळच्या तंत्राप्रमाणे योग्यच ठरवला होता. पण एकदा त्यावर शहर उभं राहिल्यावर तो आकडा रेल्वेच्या एकटीच्या हातात उरला नाही.

आपल्या सर्व्हिसवर शहर उभं राहत नाही, दहा-वीस दवाखाने उभे राहतात. तरी बदलाचा नियम तोच. जुनं आणि नवं काही काळ शेजारी शेजारी चालवावं लागतं. फरक इतकाच की लोकलच्या बाबतीत गाड्या दोन्ही विजांवर चालणाऱ्या केल्या, आपल्याकडे बहुधा सर्व्हर दोन्ही दारं उघडी ठेवतो: व्हर्जन एक आणि व्हर्जन दोन.

कुठल्या बदलाला नवं दार लागतं आणि कुठल्याला नाही, हेही इथेच सांगते. उत्तरात एखादा नवा रकाना वाढवला तर सहसा कुणाचं काही बिघडत नाही, न ओळखणारे तो सोडून देतात. रकान्याचं नाव बदललं किंवा तो काढून टाकला तर पलीकडचा प्रोग्रॅम पडतो, पण निदान पडल्याचं लगेच कळतं. सगळ्यात वाईट बदल तिसरा: नाव तेच, प्रकार तोच, अर्थ वेगळा. कुठेही एरर येत नाही. सगळं हिरवं दिसतं. आमच्या प्लेटलेटचं हेच झालं होतं.

करार आधी लिहिण्याचा मोठा फायदा म्हणून नेहमी सांगतात की दोन टीमना एकाच वेळी काम करता येतं. फाइल तयार असली की तिच्यावरून एक मॉक सर्व्हर उभा करता येतो, म्हणजे खरी सर्व्हिस नसताना नमुन्याची उत्तरं देणारा सर्व्हर. हॉस्पिटलचे डेव्हलपर त्याच्यावर आपलं काम सुरू करतात, आपण मागे खरा कोड लिहितो. हे खरंच आहे. पण मला स्वतःला त्याहून मोठा वाटणारा फायदा वेगळा आहे. करार ही एकच अशी अवस्था आहे जिथे कोड न येणारा माणूस आपल्याला अडवू शकतो.

त्या अलार्मनंतर आम्ही सर्व्हिसची दुसरी आवृत्ती आखायला घेतली, तेव्हा लॅबच्या मागच्या खोलीत पाच जण बसलो. मॅडम, हॉस्पिटलच्या आयटी विभागातले एक गृहस्थ, घरोघरी जाऊन सॅम्पल घेणारा एक मुलगा, आणि आमच्यातले दोघे. लॅपटॉप बंद. कागदावर आम्ही उत्तरांचे नमुने लिहिले: साधा सीबीसी रिपोर्ट कसा दिसेल, अर्धवट तयार असलेला कसा दिसेल, सॅम्पल नाकारलं तर काय दिसेल. पहिल्याच नमुन्यावर मॅडमनी बोट ठेवलं. कधी कधी ट्यूबमध्ये प्लेटलेटचे पुंजके होतात, म्हणाल्या. मशीन पुंजके नीट मोजू शकत नाही, आकडा खोटाच कमी येतो. अशा वेळी त्या मशीनचा आकडा देत नाहीत. स्लाइड बघतात आणि शेरा लिहितात, गरज पडल्यास दुसरं सॅम्पल मागवतात. "मग तुमच्या या चौकटीत आकडा नाही पण शेरा आहे, हे कुठे लिहायचं?"

आमच्या पहिल्या कोडमध्ये तो रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. मशीनचा आकडा नसेल तर शून्य जायचं. प्लेटलेट शून्य. ते लिहिताना आत्ताही माझ्या पोटात गोळा येतो. आकडा शून्य आहे, आकडा अजून आलेला नाही, आणि आकडा मुद्दाम दिलेला नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोग्रॅमरला त्या एकच वाटू शकतात, टेक्निशियनला कधीच नाही. कोड तयार झाल्यावर मॅडमना हे दाखवलं असतं तर त्यांना फक्त स्क्रीन दिसली असती, आतला शून्य दिसला नसता.

त्या दुपारी अशा बऱ्याच गोष्टी निघाल्या. आकड्याबरोबर एकक हवंच, वेगळ्या रकान्यात, आणि ते गाळता येऊ नये. रक्तातली साखर ९० म्हणजे मिलिग्रॅममध्ये अगदी ठीक, तीच दुसऱ्या एककात ५ येते. नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. वेळ लिहायची तर कुठली, सॅम्पल घेतल्याची, लॅबला पोचल्याची, की रिपोर्ट झाल्याची? आणि ती भारतीय वेळ असल्याचं स्पष्ट लिहायला हवं, कारण सर्व्हर बहुधा यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ धरून चालतात, म्हणजे साडेपाच तास मागे. वॉर्डात पहाटे पाचला घेतलेलं सॅम्पल यूटीसीमध्ये आदल्या रात्री साडेअकराचं होतं, आणि त्यातली नुसती तारीख उचलली तर रिपोर्टवर कालची तारीख येते. रिपोर्ट दुरुस्त करून पुन्हा दिला तर जुना पुसायचा नाही, दोन्ही दिसले पाहिजेत.

सॅम्पल घेणाऱ्या मुलाचा मुद्दा मला सगळ्यात शिकवून गेला. तो डोंबिवलीहून फास्ट लोकलने येतो आणि गाडीतच मोबाइलवर ऑर्डर नोंदवतो. वाटेत मध्येच नेटवर्क जातं. त्याने बटण दाबलं, रिक्वेस्ट आमच्यापर्यंत पोचली, ऑर्डर नोंदली गेली, पण 'झालं' हे उत्तर त्याच्याकडे परत जाण्याआधी नेटवर्क गेलं. अ‍ॅपला वाटलं काही झालंच नाही, नेटवर्क परत आल्यावर त्याने पुन्हा पाठवलं. एका पेशंटच्या दोन ऑर्डर, दोन बिलं.

नेटवर्कवरच्या प्रत्येक सर्व्हिसला हा प्रश्न असतो. उत्तर आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही असा नव्हे. त्यावर उपाय असा की ऑर्डरला क्रमांक आम्ही द्यायचा नाही. बटण दाबतानाच अ‍ॅपने तो तयार करायचा आणि पुन्हा पाठवताना तोच पाठवायचा. सर्व्हरने तो क्रमांक आधी पाहिलेला असेल तर नवी ऑर्डर न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. एकदा करा की दहादा करा, परिणाम एकच, या गुणाला आयडेम्पोटन्सी म्हणतात. वेबच्या मूळ नियमांतही हा भेद आहे: गेट (माहिती मागणं), पुट (दिलेल्या जागी ठेवणं) आणि डिलीट (काढून टाकणं) या रिक्वेस्ट पुन्हा केल्या तरी परिणाम तोच राहिला पाहिजे, पोस्टला (नवं काही पाठवणं) तशी हमी नाही. हे करारात लिहिलेलं असेल तर पलीकडचा डेव्हलपर निर्धास्तपणे पुन्हा प्रयत्न करू शकतो. नसेल तर तो अंदाज बांधतो.

यूपीआयने पैसे देताना आपण रोज याच्यावर विसंबतो. एप्रिल २०१६ मध्ये हे सुरू झालं. ते चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं, म्हणजे एनपीसीआयचं मुख्यालय इथेच, वांद्रे-कुर्ला संकुलात. दादरच्या भाजीवाल्या मावशींचं खातं एका बँकेत, आपलं दुसऱ्या, अ‍ॅप तिसऱ्याचंच. या सगळ्यांचे प्रोग्रॅम वेगवेगळे. जुळतं ते फक्त संदेशाचा ठरलेला नमुना आणि प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक, यामुळे. पैसे कापले गेले आणि उत्तर आलं नाही, तर त्याच क्रमांकाने 'त्याचं काय झालं' असं विचारता येतं. इतक्या बँकांना आधी कोड लिहा, नमुना मागाहून जुळवू, असं सांगून चाललंच नसतं.

आता तो दुसरा प्रश्न, पद्धत कुठली. पहिल्याचं उत्तर मिळालं असेल तर याला फार वेळ लागत नाही. बाहेरचे अनेक लोक, वेगवेगळ्या भाषांत लिहिणारे, वेब आणि मोबाइल दोन्ही: रेस्ट घ्या. रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत केलेल्या पीएचडीत ही कल्पना मांडली. वेब ज्या रीतीने चालतं त्याच रीतीने सर्व्हिस चालवायची, हे तिचं सार. पलीकडे बँक किंवा विमा कंपनीची जुनी यंत्रणा असेल आणि ती सोपच बोलत असेल तर सोप शिका, नाक मुरडू नका. एक्सएमएल या तिच्या लांबलचक लेखनपद्धतीचा पसारा आहे, पण तिथे काटेकोर करार पहिल्यापासून आहे. ग्राफक्यूएल फेसबुकने २०१२ मध्ये स्वतःसाठी बनवलं आणि २०१५ मध्ये सर्वांना खुलं केलं. एका स्क्रीनसाठी दहा ठिकाणची माहिती लागत असेल आणि प्रत्येक स्क्रीनची गरज वेगळी असेल तर ते कामाचं. जीआरपीसी गूगलचं, तेही २०१५ मध्येच खुलं झालं. स्वतःच्याच सर्व्हर-सर्व्हरमध्ये झपाट्याने बोलायचं असेल तर उत्तम. ब्राउझरला मात्र ते थेट बोलता येत नाही, मध्ये दुभाष्या लागतो.

आम्ही रेस्टच ठेवलं. एकच सर्व्हिस ठेवली, तुकडे केले नाहीत. मायक्रोसर्व्हिस, म्हणजे एका मोठ्या सर्व्हिसऐवजी अनेक छोट्या स्वतंत्र सर्व्हिस, हा शब्द मीटिंगमध्ये आला होता, पण माणसं तीन आणि सर्व्हिस सात, अशी व्यवस्था रात्री दोनला बंद पडली तर उठणार कोण? सॉफ्टवेअरचा आकार ते बनवणाऱ्या माणसांच्या रचनेसारखा होतो, असं मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं आहे. आमची रचना एक टेबल एवढीच होती.

एक गोष्ट मात्र आम्ही उशिरा केली, तुम्ही पहिल्याच दिवशी करा. आपल्याला हवा तो करार आधीच कुणी लिहून ठेवलाय का, ते बघा. आरोग्याच्या माहितीसाठी फायर नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आणि आपल्याकडच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही तेच घेतलं आहे. त्यात मोजमापाची चौकट बघितली तर आकडा आणि एकक एकत्र येतात. आकडा देता येत नसेल तर तो का नाही, हे लिहायलाही वेगळी जागा आहे. मॅडमनी त्या दुपारी जे सांगितलं त्यातलं निम्मं तिथे आधीच लिहिलेलं होतं. तपासण्यांना सांकेतिक क्रमांक हवेत तर त्यासाठीही लॉइंक ही तयार यादी आहे. पूर्ण फायर आम्हाला पेलणारं नव्हतं, पण नावं आणि चौकटी आम्ही तिथूनच घेतल्या.

करार लिहून झाल्यावर तो जपावाही लागतो, नाहीतर सहा महिन्यांत फाइल एक सांगते आणि कोड दुसरंच करतो. आता आमच्याकडे कोड बदलला की आपोआप एक चाचणी चालते. सर्व्हिसचं प्रत्येक उत्तर करारातल्या चौकटीशी ताडून बघितलं जातं, न जुळल्यास बदल पुढे जात नाही. प्लेटलेटच्या आकड्यामागे एकक नसेल तर तिथेच अडतो. आकडा त्या एककात शक्य आहे का, हेही तपासतो, कारण चौकट बरोबर आणि आत चुकीचा आकडा, हे होऊ शकतं. करारात बदल करायचा तर आधी फाइल बदलते, ती मॅडम आणि हॉस्पिटलचे ते गृहस्थ बघतात, मग कोड.

जुनं दार अजून उघडं आहे. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, रोज बघते कोण कोण त्यातून येतं. बहुतेक सगळे नव्या दाराकडे गेले. मुलुंडचा एक दवाखाना राहिलाय. रोज सकाळी नऊ वाजून काही मिनिटांनी त्यांची एक रिक्वेस्ट जुन्या पत्त्यावर येते. मागच्या आठवड्यात फोन केला तर रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, सॉफ्टवेअर बसवून देणारे दादा गावाला गेलेत, गणपतीनंतर येतील. जुन्या दारातून जाणाऱ्या आकड्यांपुढेही आता आम्ही एकक जोडलंय, आणि ते दादा येईपर्यंत दार तसंच ठेवणार आहोत.